कापडाखालची शाळा

अहमदनगर,
९ जानेवारी १९४४

बनुआजी,

तुझ्या कृपाचा सलाम, आणि बाबांचाही. सोबत मेथीचे लाडू पाठवते. गुडघे दुखतात म्हणून रोज एक खायचा. शेजारच्या पोरांना वाटून टाकायचे नाहीत.

घोडेगावच्या शाळेला नवी खोली होते आहे हे तुला माझ्या आधी कळलं असेल, दगड तुझ्या दारावरूनच गेले असणार. कारभारी पाटलांनी चावडीमागची जागा द्यायचं कबूल केलंय. दाराशी एक शिळा बसवायची आणि गावाला पहिल्यांदा अक्षर देणाऱ्या माणसाचं नाव तिच्यावर कोरायचं, असं पंचमंडळींनी ठरवलंय. ते नाव अर्थातच माझ्या आजोबांचं, तुझ्या भावाचं, यशया मास्तरांचं. मजकूर मी लिहायचा, कारण मी त्यांची नात आणि इथे मुलींच्या शाळेत मराठी शिकवते. बाबा तर हरखून गेलेत. दाढी करतानासुद्धा तोच विषय.

ती हकिगत मला पाठ आहे. १८८६ साली वीस वर्षांचे आजोबा शिक्षक होऊन गावात परत आले. शुक्रवारच्या बाजारात त्यांनी लिंबाला अक्षरांचा तक्ता टांगला, डोळे मिटून प्रार्थना केली, आणि डोळे उघडून बघतात तर जन्मात पाटी न पाहिलेल्या बाया तो तक्ता वाचतायत! मिशनच्या मासिकात तेव्हा हे छापून आलं होतं. मी मजकूर असा केलाय: ‘यशया मास्तर. यांच्या प्रार्थनेने या गावाला अक्षर मिळाले.’

त्या दिवशी तू तिथे होतीस, बारा वर्षांची. आपल्या घरातलं ते पाहिलेलं माणूस आता तूच एक. तुला काय आठवतं ते लिही ना.

माझ्या खोलीतून किल्ला दिसतो. देशाचे मोठे पुढारी दीड वर्ष झालं तिथे कोंडलेले आहेत. आमच्या मुली खंदकाकडे बघत बघत शाळेत येतात आणि त्यांची नावं एका दमात म्हणून दाखवतात. आपल्या आजोबांसारख्यांचं नाव कोण घेतं? म्हणून ही शिळा मला फार हवी आहे.

तुझी,
कृपा


घोडेगाव,
२२ जानेवारी १९४४

कृपे,

सलाम. लाडू पोचले. मेथी सढळ आन् गूळ हात राखून. तुझ्या आईचा हात हाय त्यो, मला न सांगता वळखू येतो. चार खाल्ले, चार पोरांला दिले. आता कर काय करायचं ते.

दगड माझ्या दारावरनंच गेले. बैलानं शेवग्याची फांदी मोडली आन् गाडीवान मलाच म्हनतो, म्हातारे, झाड आत घे. झाड आत घे म्हनं! असली मानसं शाळा बांधत्यात.

तुझा आजा म्हनशील तर माझा भाऊ देवमानूस हुता, त्यात तसूभर खोट न्हाई. पन शिळंची एवढी घाई कशापायी? दगड काय पळून चाललाय?

मला अलीकडं दुपारचं भिंतीला टेकलं की डोळा लागतो, आन् एकच सपान पडतं. शुक्रवारचा बाजार भरलाय. लई गुरं, पन आवाज कसला तो न्हाई. घंट्या हालत्यात, वाजत न्हाईत. धुरळा वर गेलाय आन् तिथंच थांबून ऱ्हायलाय, ऊन त्याच्यातनं गाळून खाली येतंय. लिंबाखाली दाव्यांचा ढीग, आन् ढिगापाशी साळूबाई बसलीया, मांडीवर लाल फडकं. मी तिच्याकडं चालते, चालते, चालतच ऱ्हाते. जवळ पोचले की ती मान वर करती आन् म्हनती, “कोन गं तू?” तेवढ्यात जाग येती. उठून शेवग्याखाली जाऊन बसते.

तवा घाई करू नगं.

तू म्हनतीस मोठ्या लोकांला किल्ल्यात कोंडलंय. बरं हाय त्यांचं. कोंडलं म्हनून तरी जग इचारतं. काही मानसांला कुनी कोंडत सुदिक न्हाई.

बनु


अहमदनगर,
३ फेब्रुवारी १९४४

बनुआजी,

सलाम. पत्र वाचलं आणि दिवसभर तो न वाजणारा बाजार माझ्या डोळ्यांपुढे होता. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता थांबले, तर मुली म्हणाल्या, बाई, पुढचा शब्द?

पण तू मला काहीच सांगितलं नाहीस, लबाडे. साळूबाई कोण? बाबांना नाव ठाऊक नाही. कारभारी पाटलांना कार्ड टाकलं, त्यांचं उत्तर आलं की साळूबाई नावाची मांगवाड्यातली एक दावी विकणारी बाई होती, १९१८ च्या मानमोडीच्या साथीत वारली, तिचा शाळेशी काय संबंध?

मला वाटतं संबंध मी ओळखला. ती आजोबांची पहिली विद्यार्थिनी असणार! अठराशे शहाऐंशी सालात मांगवाड्यातल्या बाईला शिकवायचं म्हणजे केवढी छाती लागते. मग मजकुरात एक ओळ वाढवते: ‘पहिली विद्यार्थिनी साळूबाई.’ तुझ्या स्वप्नातल्या बाईचं नावही दगडावर येईल आणि तुझी झोपही सुधारेल. पाथरवट ईस्टरनंतर काम धरणार आहे. लवकर हो म्हण.

कृपा


घोडेगाव,
१९ फेब्रुवारी १९४४

कृपे,

सलाम. तुझं पत्र वाचून आधी हसले आन् मंग रडले. साळूबाई म्हनं यशयाची इद्यार्थिनी! अगं, उलटं लिवलंस. समदं उलटं.

आता सांगते ते नीट वाच. वाचून झाल्यावर दोन दिवस मला शिव्या दे आन् तिसऱ्या दिवशी इचार कर.

तुझा आजा गावात यायच्या आधी दोन वर्सं गावात शाळा चालू हुती. तिला भिंती नव्हत्या.

बाजारात गुरांचा भाव कसा ठरतो ते तू बघितलंय. तोंडानं आकडा बोलायचा न्हाई. दलाल आन् शेतकरी हात पुढं करत्यात, वर उपरनं टाकत्यात, आन् आत बोटं दाबून बोलत्यात. शेजारी उभा असलेल्याला काय सुदिक कळत न्हाई.

साळूबाई मांगवाड्यातली, विशीतली, नवऱ्यानं टाकलेली. घायपाताची दावी वळायची आन् बाजारात इकायची. मोठ्या दुष्काळात पोरपनी तिला नगरला मिशनच्या अनाथ पोरींत ठेवलं हुतं. तीन वर्सांत ती लिवाय-वाचाय शिकली, मंग बाप येऊन घिऊन आला. गावात कुनाला शिकवनार? तिच्या भावानं पाटी चुलीत घातली. म्हनला, आधीच टाकलेली, आता आनखी काय व्हायचंय?

तवा तिनं काय केलं, दावं इकतानाचा भाव बी कापडाखाली करायला लागली. म्हनायची, माझा भाव शेजारच्या दाववाल्यानं कशाला ऐकायचा? लोक हसले. दावं इकती का हत्ती, म्हनले. हसूनशान गप झाले. बाया दावं बघायला यायच्या, कापडावर हात ठेवायच्या. लोकांला वाटायचं कापड मधी हाय, इटाळ न्हाई. आन् आत साळूबाई हात हातात घिऊन तळव्यावर बोटानं अक्षर काढायची.

माझा हात आत गेला तवा मी धा वर्सांची. आमी म्हारवाड्यातली, तरी आमच्या आईनं मला बजावलं हुतं की मांगाच्या बाईला शिवायचं न्हाई. डोळे मोठे करू नगं, आमी बी काय कमी नव्हतो. तिचा हात लई खरखरीत, घायपातानं चरे पडलेला. बोट फिरलं तशा मला गुदगुल्या झाल्या. ती म्हनाली, “हसू नगं. ह्यो ब हाय. तुझा हाय.” मी मूठ मिटून घरी आले. वाटंत मूठ उघडली न्हाई, सांडंल म्हनून.

एका बाजाराला एक अक्षर. आठवडाभर ते राखेत गिरवायचं, पिठात गिरवायचं. पुढच्या शुक्रवारी आधी आपन तिच्या हातावर काढून दावायचं. चुकलं की ती बोट मुरगाळायची आन् वर मोठ्यानं म्हनायची, “परवडत न्हाई, बाई!” बरुबर आलं की म्हनायची, “घे, तुझ्या भावात घे.” आन् दावं घ्यावंच लागायचं, न्हाईतर संशय यायचा. त्या दोन वर्सांत गावात घरटी गुरं दोन आन् दावी वीस. आमचे बापये म्हनायचे, बायांला काय दाव्याचं खूळ लागलंय!

मंग तुझा आजा मास्तर हून गावात परत आला. तक्ता टांगला, डोळे मिटून परार्थना करत उभा. म्होरं बाया थांबलेल्या. त्यांनी छापील अक्षर कधी बघितलेलं नव्हतं, तळव्यावरचं तेवढं ठावं. आन् हितं तीच अक्षरं, मोठाली, काळीभोर, उन्हात टांगलेली. पाटलाची नवी सून केशरबाई पदराआडनं बघत हुती, पंधरा वर्सांची. तिच्या तोंडातनं आपसूक निघालं, “के.” दुसरी कोन तरी बोलली, “स.” मंग एकेक करून पंधरा-सोळा बाया वाचायला लागल्या. शेजारीन बी आपल्याच शाळंतली हाय हे आमाला त्या दिवशी कळलं. अजून आंगावर काटा येतो बघ.

केशरची सासू मागंच उभी. तिनं हिचा दंड धरला. “कुनी शिकवलं?” झालं, समदा बाजार गार पडला. तेवढ्यात तुझ्या आज्यानं डोळे उघडले, बायांचं वाचनं ऐकलं, गुडघ्यावर आला आन् वरडला, “देवानं! देवानं शिकवलं!” सासू बिचकली. तिला वाटलं सुनंच्या अंगात देवी आली. तिनं तिथंच केशरच्या कपाळाला कुंकू लावलं आन् सुनंच्या पाया पडली! अशी केशर सुटली.

आज्यानं मासिकाला लिवलं ते खोटं म्हनून न्हाई लिवलं. त्याला खरंच तसं दिसलं. दोन वर्सांनी मी त्याला खरं सांगितलं, तवा तो तडक साळूबाईकडं गेला. म्हनला, मी लिवून कळवतो, माझी चूक झाली. ती म्हनली, “मास्तर, गप ऱ्हावा. मांगाच्या बाईनं हात धरून शिकवलं म्हनल्यावर ह्या पोरींला कोन घरात घील? तुमच्या देवाचं नाव हाय तवर त्यांच्या अंगाला कुनी हात लावत न्हाई.” त्याच्याकडनं वचन घेतलं, माझ्याकडनं बी घेतलं. तो वचन पाळून गेला. मी आज मोडलं.

कारभारी पाटील ज्या केशरबाईच्या पोटी आला तीच ही केशरबाई. अजून हाय, सत्तरी वलांडलेली. म्हनून म्हनते, जपून.

बनु


अहमदनगर,
१ मार्च १९४४

बनुआजी,

दोन दिवस शिव्या द्यायला सांगितल्यास, मी दहा दिवस गप्प राहिले. तेच बरं झालं.

तुझं पत्र बाबांनी वाचलं. घडी घालून परत दिलं आणि जेवायला आले नाहीत. आजोबांचा तो मासिकातला लेख आमच्या घरात देवाच्या शब्दाइतका मानलेला आहे. त्या एका हकिगतीवर बाबा वाढले, मी वाढले. मी शिक्षिका झाले ती ते ऐकूनच. आणि तू म्हणतेस, सगळं दाव्याच्या ढिगाशी घडलं, आणि आजोबा डोळे मिटून उभे होते.

आजी, राग मानू नकोस. तू स्वतःच लिहिलंस की दुपारी डोळा लागतो आणि स्वप्न पडतं. साठ वर्षांत स्वप्न कुठे संपलं आणि आठवण कुठे सुरू झाली, हे माणसाला सांगता येईलच असं नाही. लिहिलेला कागद एकच आहे आणि तो आजोबांचा आहे. पंचांना मी पहिलाच मजकूर कळवते.

कृपा


अहमदनगर,
२६ मार्च १९४४

बनुआजी,

तुझं उत्तर नाही. नसणारच. माझं मागचं पत्र मला परत मिळालं असतं तर मी ते चुलीत घातलं असतं.

आज चर्चहून आल्यावर बाबा काही न बोलता माळ्यावर चढले. आजोबांची पेटी काढली, मासिकाचा तो जुना अंक माझ्यापुढे ठेवला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. लेखाच्या कडेला आजोबांच्या हातची पेन्सिल आहे, बारीक, पुसट: ‘असे घडले नाही. घडले ते याहून मोठे. सांगण्याची मोकळीक नाही.’

बाबांनी हे वीस वर्षांपूर्वी वाचलं होतं. अर्थ कळला नाही, म्हणाले. मग म्हणाले, कळू दिला नाही. आजी, ते ओट्यावर लहान मुलासारखे रडले. मी त्यांच्याजवळ बसून राहिले. किल्ल्याच्या झाडांवर संध्याकाळची पाखरं उतरत होती, आणि मला सारखं वाटत होतं की आत्ता कुणी माझा हात धरला तर किती बरं होईल.

पंचांना मी मजकूर कळवलेला नाही. हात उचलला नाही. मला माफ कर. आणि एक सांग: साठ वर्षांत तू एकदाही का बोलली नाहीस? साळूबाई मानमोडीत गेली, तिला कुणाचं भय उरलं होतं?

तुझी,
कृपा


घोडेगाव,
१२ एप्रिल १९४४

माझे बाय,

माफी कशाची मागतीस? मी रुसले नव्हते. खरं सांगायचं तर तुझं ते रागाचं पत्र वाचून मला जरा हायसं वाटलं हुतं. म्हनलं, सुटले. पोरगी मानत न्हाई, आता पुढचं सांगायला नगं.

पन आता तू इचारलंस, का बोलली न्हाईस. तर त्या दिवशीचं एक मी तुला सांगितलं न्हाई. तुझ्या आज्याला बी सांगितलं न्हाई.

केशरच्या सासूनं कुंकू लावलं, पाया पडली, पन म्हातारी चलाख हुती. जाता जाता वळली आन् दाव्यांच्या ढिगाकडं बघितलं. सून दर शुक्रवारी दावं कशाला घेती, ते तिच्या डोक्यात आलं असंल. म्हनाली, “साळे, तू तर न्हाई शिकवलंस?” मी मधीच उभी हुते. माझ्या तोंडातनं निघालं, “तिला कुठलं अक्षर येतंय? मांगाची हाय ती.” आन् हसले मी, कृपे. बाजार ऐकत हुता. मी हसले.

साळूबाईनं माझ्याकडं बघितलं. मंग ती बी हसली आन् म्हनाली, “व्हय बाई, मला कुठलं येतंय.”

तू म्हनशील, केशरला वाचवायला बोललीस. मी बी साठ वर्सं तेच म्हनत आले. पन मला ठावं हाय, मी केशरला वाचवायला न्हाई बोलले. मी मास्तराची बहीन हुते, नव्या फ्राकात उभी हुते, आन् मला तिची लाज वाटली.

त्या दिवसापासनं कुनीच तिच्या कापडाखाली हात घातला न्हाई. समद्यांच्या घरच्यांचं ध्यान हुतं. आन् गरज बी सरली, आमाला वाचता येत हुतं. ती पुढं बत्तीस वर्सं लिंबाखाली बसली, फडकं मांडीवर टाकून. मी बाजारातनं जायची तवा दुसऱ्या अंगानं जायची.

आता ऐक काय झालं. तुझं पत्र आलं तशी मी काठी घेतली आन् पाटलाच्या वाड्यावर गेले. साठ वर्सांत पयल्यांदा. केशरबाई मागल्या पडवीत उन्हाला बसली हुती, दिसतं कमी. मी म्हनलं, “मी बनु. शिळंवर साळूबाईचं नाव घालायचंय. तुझं नाव त्यात यील. तू नगं म्हन, मी गप बसते. तुझ्यापायीच गप बसलेय.”

तिनं हात पुढं करून माझा हात चाचपला. मंग म्हनाली, “माझ्यापायी? मला वाटलं, तू गप हायेस तुझ्या भावाच्या नावापायी. म्हनून मी गप ऱ्हायले. सासू मेली, नवरा मेला, मला कुनाचं भ्या हुतं गं? दर साली म्हनायची, बनु बोलंल, मंग मी बोलंन.”

आमी दोघी म्हाताऱ्या तिथं बसून रडलो. बत्तीस वर्सं ती लिंबाखाली जित्ती हुती, आन् आमी दोघी एकमेकीच्या तोंडाकडं बघत.

तू मजकूर लिव. खरा लिव.

बनु


अहमदनगर,
२० एप्रिल १९४४

बनुआजी,

सलाम. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि बाबांना एकदा वाचून दाखवलं. ते म्हणाले, आत्याला लिही की ती बारा वर्षांची होती. मी तसं लिहिणार नाही. तुला ते चालणार नाही हे मला कळतं.

मजकूर पंचांकडे पाठवला आहे: ‘साळूबाई. हिने या गावाला अक्षर दिले.’ बाबांनी खाली आपली सही केली आहे. आजोबांचं नाव नको, असं तेच म्हणाले. आजोबा असते तर हेच म्हणाले असते.

आमच्या परीक्षा सुरू आहेत, रजा मिळत नाही. बैठक ५ मे रोजी आहे, त्या दिवशी मी वर्गात पेपर घेत असेन आणि माझं लक्ष सगळं तिकडे असेल. काय होतं ते लगेच लिही. पाटील जागा देणार नाहीत अशी मला भीती वाटते. शिळेपायी खोली गेली तर?

कृपा


घोडेगाव,
१० मे १९४४

कृपे,

सलाम. बस आन् वाच.

शुक्रवारी चावडीम्होरं पंच जमले. बाजाराचा दिस, तवा मानूस ढीगभर. कारभारी पाटलानं तुझं पत्र हातात घेतलं आन् मोठ्यानं वाचायला लागला. ‘साळूबाई’वर आला तसा थांबला. म्हनला, “नगरात शिकून पोरीचं डोस्कं फिरलंय. मांगवाड्यातल्या दाववालीचं नाव शाळंला? तिला अक्षर तरी येत हुतं का?”

तेच, कृपे. मी बोलले हुते तेच, साठ वर्सांनी, माझ्याम्होरं.

मी उठले. काठी टेकली. म्हनलं, “येत हुतं. मला साळूबाईनं शिकवलं. माझा हात धरून शिकवलं. आन् मी ह्याच बाजारात तिला वळख दिली न्हाई.” एवढंच बोलले. खाली बसताना काठी सुटली, गहिनीनाथानं उचलून दिली. साळूबाईच्या भावाचा नातू त्यो. त्याला बिचाऱ्याला ठावंच नव्हतं की त्याच्या घरात कुनी शिकलेलं हुतं. 

कारभारी म्हनला, “बनुबाई, तुमचं तुमच्यापाशी. पन ह्यात आमच्या घराण्याचं नाव गोवलं, अशी कुजबूज हाय. तसं असंल तर जागा मिळायची न्हाई.”

तवर बैलगाडी येऊन थांबली हुती. केशरबाईला सुनंनं धरून उतरवली. पाटलाची आई अशी बाजारात कधी उतरलेली कुनी बघितली न्हाई. समदे उठून उभे ऱ्हायले. ती म्हनाली, “कारभारी, ह्या पंचक्रोशीत तुझ्यासारखी झोकदार सही कुनाची न्हाई. साहेबलोक बी बघत ऱ्हात्यात. ती सही तुला कुनी शिकवली?”

तो म्हनला, “आई, घरी बोलू.”

“मी शिकवली. चुलीम्होरं बसवून, राखेत. मला साळूबाईनं शिकवलं, कापडाखाली, हात हातात धरून. आता सांग, कुनाला जागा देत न्हाईस?”

कारभारी उठला. पागोटं सारखं केलं आन् घरी गेला. लोक बी पांगले. मी आन् केशरबाई गाडीच्या साटीवर बसून ऱ्हायलो. तिनं तिखट शेव मागितली. ती दिली.

शनिवार गेला, ऐतवार गेला, सोमवार गेला. वाड्याचं दार लावलेलं. मला वाटलं, झालं, खोली गेली. पोरं उघड्यावर बसतील आन् ते माझ्यामुळं. काल सांजच्याला पाटलाचा गडी जागंचा कागद घिऊन आला. पंचांनी वाचला. चावडीमागची जागा शाळंला कायमची दिली. शिळा कशी बसवायची ते पंचांनी बघावं. एक अक्षर इकडं तिकडं न्हाई.

आन् खाली, जिथं ती झोकदार सही असायची, तिथं सही न्हाई. अंगठा हाय. निळा, दाबून उमटवलेला.

मी कागद घिऊन केशरबाईकडं गेले. तिला वाचून दावला. शेवटाला आले आन् थांबले. ती म्हनाली, “वाच की.” म्हनलं, “वाचायला काय न्हाई. अंगठा हाय.”

तिनं कागद हातात घेतला. त्या निळ्या डागावरनं बोट फिरवलं. मंग म्हनाली, “जमीन दिली माझ्या लेकानं, आन् अक्षर परत केलं.”

आन् कागद माझ्या हाती देऊन म्हनाली, “त्याची नातवंडं जूनपासनं त्याच खोलीत बसनार हायेत, बनु. त्यांला कसं परत करता येतंय ते बघू.”

बनु